पांढरी चार

आश्विन लागला की आमच्या नौपाड्याच्या घरात एक वास फिरायला लागतो. ओल सुकतानाचा वास. गाद्या गॅलरीच्या कठड्यावर पडतात, कपाटांची दारं दिवसभर उघडी राहतात, डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हात मिसळतो आणि चार महिने फुगून बसलेली न्हाणीघराची खिडकी एके सकाळी काही कुरकुर न करता बंद होते. त्या दिवशी पावसाळा संपला असं मी धरतो. वेधशाळा काय म्हणते त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

आज ती खिडकी बंद झाली. कुमुद, म्हणजे माझी बायको, सकाळीच कल्याणला बहिणीकडे गेली आहे, तिच्याकडे घट बसलेत. संध्याकाळी येईल. घरात मी एकटा आणि कोपऱ्यात बाजाची पेटी. मी पेटीवरची खोळ काढली. पेटीला वारा लागावा पण ऊन लागू नये अशी आमच्या घरात एकच जागा आहे, जेवणाच्या टेबलाखाली. तिथे तिला सरकवलं आणि तिच्याशेजारी मीही फरशीवर बसलो. उठायचं मनात होतं, पण उठलो नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी झेंडूची फुलं ओतत होतं, एक रिक्षा बराच वेळ नुसती चालू उभी होती, आणि त्या घरघरीत मला दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक आश्विन हळूहळू ऐकू यायला लागला.

कुमुद गायची. कल्याणला तिच्या वडिलांची पेटी होती, तिच्यावर ती शिकली आणि लग्न होऊन ठाण्याला आली ती पेटी घेऊनच. टेम्पोत आधी पेटी चढली, मग कपाट. मी खोपटच्या एसटी डेपोत नोकरीला होतो. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्या लावायच्या, त्यांची भांडणं ऐकायची आणि दिवसभर कानात डिझेल इंजिनांची घरघर साठवून घरी यायचं. गाण्यातलं मला काहीएक कळत नसे. गणपतीच्या आरतीला मी टाळ उचलले की शेजारचं कुणीतरी प्रेमाने ते माझ्या हातातून काढून घ्यायचं. पण कुमुद गायला बसली की मला बरं वाटायचं, आणि का बरं वाटतं याचा शोध घ्यावासा मला कधी वाटला नाही.

गाणाऱ्या माणसाचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो, ती त्याची पट्टी. कुणाची काळी एक, कुणाची पांढरी दोन. पेटीवाला विचारतो आणि गाणारा सांगतो, आपण आडनाव सांगावं तसं. कुमुदची पट्टी काळी चार. चांगली उंच, खणखणीत. बायकांच्या गाण्याच्या मंडळात पेटीला बसणारे नाना तिला कधी विचारायचेसुद्धा नाहीत. ती पदर सावरून बसेपर्यंत त्यांचं बोट काळी चारवर जाऊन थांबलेलं असायचं. कुमुदला त्याचा अभिमान होता. मंडळातल्या दुसऱ्या कुणाला ती पट्टी झेपत नाही, हे ती बोलून दाखवत नसे, पण घरी येताना तिची चाल जरा वेगळी असे.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सुटलो. पण शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं तो आवाज मला ओळखता आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला, नाही असं नाही. पण गेला होता तिथे नाही आला. खाली कुठेतरी आला, जाडसर, किंचित खरखरीत. बोलायला काही अडचण नव्हती. दाराआडून तिने "कोण आहे?" विचारलं की पोस्टमन "साहेब, रजिस्टर आहे" म्हणायचा, आणि आम्ही दोघं हसायचो. ती माझ्यापेक्षा थोडं जास्त हसायची.

बरी झाल्यावर तिने एकदाच पेटी उघडली. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. तिने काळी चार दाबली, सा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग आवाज फाटला, आणि भाता मिटल्याचा खट्कन आवाज आला. नंतर नाना भेटायला आले तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "कुमुदताई, पट्टी जरा उतरवू या की. त्यात काय एवढं?"

"पट्टी नाही नाना," ती म्हणाली, "मीच उतरले म्हणा."

नानांनी बशीतला चहा संपवला. पेटीवर खोळ चढली आणि पुढे खोळीवर इस्त्रीचे कपडे.

तिचं गाणं मला परत हवं होतं. मैफिलीसाठी नव्हे, मला मैफिलीतलं काय कळतंय! पण ती गात नव्हती तेव्हा घरात सगळं जागच्या जागी असूनही दुसऱ्याच कुणाच्या घरात राहतोय असं वाटायचं. तिचा नवा आवाज होता, मी तो रोज ऐकत होतो, भाजीवाल्याशी घासाघीस करताना, मला हाक मारताना. पण त्या आवाजाचा सा कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला तो शोधायचा नव्हता आणि मला शोधता येत नव्हता.

त्या पावसाळ्यात पेटी सर्दावली. एक पट्टी दाबली की वर यायचं नावच घेईना. दुरुस्तीवाला आला, त्याने पेटी खोलून साफ केली आणि जाताना म्हणाला, "वाजती ठेवा. अशी बंद ठेवली तर सगळेच सूर बसतील."

"मी नाही वाजवणार," कुमुद म्हणाली.

"मग मी वाजवतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही? अहो, तुमच्या हातात कुणी टाळ देत नाही!" आणि ती हसली. पोस्टमनच्या वेळी हसायची तसं नव्हे, खरंखुरं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या हसण्याच्या भरवशावर मी दुसऱ्या दिवशी क्लासला नाव घातलं. तेव्हा पन्नाशी माझ्या दाराशी येऊन उभी होती.

क्लास आमच्या मागच्याच गल्लीत, शैलाताईंच्या पुढच्या खोलीत. शैलाताई माझ्याहून वयाने बऱ्याच लहान, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला असं काही झापलं की मी त्यांना आपोआप अहो-जाहो करायला लागलो. "काका, हा भाता आहे, पंक्चरवाल्याचा पंप नाही." बाकी सगळी शाळकरी पोरं. भिंतीशी त्यांची दप्तरं ओळीने, आणि त्या ओळीत शेवटी माझी डब्याची पिशवी. पोरांना माझं काही विशेष वाटत नसे. माझं चुकलं की सगळी एका सुरात "काकाऽऽ" म्हणून ओरडायची आणि पुन्हा आपापल्या पेटीत डोकं घालायची.

शैलाताई सगळ्यांना पांढरी एकपासून शिकवायच्या. तिथून सुरुवात केली की सारेगम सरळ पांढऱ्या पट्ट्यांवरून जातं, काळ्यांना हात लावावा लागत नाही. मला ही व्यवस्था फार आवडली. काळ्या पट्ट्या अरुंद, माझी बोटं जाड, एक दाबायला जावं तर शेजारचीही ओरडायची. काळ्यांच्या वाटेला जायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. घरी आमच्या पेटीवर पांढरी एक चटकन सापडत नसे, सगळ्या पांढऱ्या मला सारख्याच दिसायच्या. म्हणून मी कुमुदच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून तिथे चिकटवली. टिकलीवर अंगठा ठेवायचा आणि तिथून चालायला लागायचं.

"पेटीच्या कपाळाला टिकली!" कुमुद म्हणाली. "आता मंगळसूत्र कधी?"

उतारवयात काही शिकायला घ्यावं ते एका सुखासाठी. ज्या कामात आपण अगदी कच्चे आहोत असं काम त्या वयात माणसाकडे उरलेलंच नसतं. डेपोत मला सगळं येत होतं. कुठल्या ड्रायव्हरची सासू कधी आजारी पडणार हेसुद्धा मला आधी कळायचं. आणि इथे मी ग वरून म वर जाताना घामाघूम होत होतो. बोट मनाचं ऐकत नाही, मन कानाचं ऐकत नाही, आणि मधेच एखाद्या क्षणी तिघांची गाठ पडते. त्या क्षणासाठी मी क्लासच्या दिवसाची वाट बघायचो. सुटल्यावर सरळ घरी न जाता तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचो आणि गुडघ्यावर बोटं चालवायचो. पाण्यावर संध्याकाळ उतरत असे, भेळवाल्यांच्या बत्त्या लागत, एखादी नाव काठाला आपटून सावकाश वळत असे. शेजारी बसणारे लोक माझ्या बोटांकडे बघून जरा सरकून बसायचे. माझं तिकडे लक्षच नसे. सगळं ठाणं हळूहळू सा वर येऊन थांबलंय असं काहीतरी मला वाटत असे.

डेपोतसुद्धा वेगळं ऐकू यायला लागलं. फलाटाला लागलेली गाडी नुसती चालू असते तेव्हा तिचा एक सूर असतो, दुसरी गाडी शेजारी येऊन उभी राहिली की त्या दोघींचं जमतं किंवा भांडतं. इतकी वर्षं मी त्याला आवाज म्हणत होतो.

घरी मात्र कुमुद माझ्या वाजवण्यावर एक अक्षर बोलत नसे. मी पेटी काढली की ती आत जायची. चुकलो तरी आतून काही येत नसे. टीव्हीवरच्या बातम्यांतलं मराठी चुकलं तरी दुरुस्त करणारी बाई, आणि माझे एवढे ढळढळीत बेसूर ती गिळून टाकत होती. मला त्याचा त्रास व्हायचा. तिने ओरडावं म्हणून मी एकदोनदा मुद्दाम चुकलो, पण मी मुद्दाम चुकणं आणि एरवीचं वाजवणं यात फरक कळण्यासारखा नव्हता.

बोलायची ती एकटी जनाबाई. चेंदणी कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन यायची, आमच्या जिन्यात टेकायची, आणि पूर्वी कुमुदचं गाणं कानावर पडलं की पाटी उतरवून पूर्ण ऐकून जायची. कोलंबी निवडून देताना एक दिवस तिने सरळ विचारलं, "काय गो बाय, गानं थांबवलंस तं थांबवलंसच? आन ह्या घरधन्याला बसवलंस त्या पेटीवर?"

"आवाज गेला गं माझा," कुमुद म्हणाली.

"गेला तं आता बोलतंय कोन?" जनाबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन उठली. कुमुद कोलंबीचं भांडं हातात धरून दारातच उभी राहिली. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही, मी तशीच खाल्ली.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला डेपोत गाड्या धुऊन त्यांना हार घालतात. मी घरी आलो तो हाताला शेंदूर आणि ग्रीसचा वास घेऊन. इकडे कुमुदने घरातली सगळी हत्यारं मांडली होती, विळी, कात्री, शिवणयंत्र, माझी पट्टी-पेन्सिल, आणि शेवटी पेटी. पेटी तिने ओल्या फडक्याने पुसून काढली होती. त्यात माझी टिकली निघून गेली, ते मला कळलं नाही. हळदकुंकू वाहताना तिने पट्ट्यांच्या मध्यावर कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि वर झेंडू ठेवला. नवमीला वाजवायचं नसतं, हत्यारांना सुट्टी. पेटी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहिली.

दसऱ्याची संध्याकाळ. सोनं द्यायला बाहेर पडायचं होतं. कुमुद आतल्या खोलीत साडी नेसत होती. माझं आवरून झालं होतं, आणि बायको साडी नेसत असताना नवऱ्याने काय करावं हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी पेटी ओढली. झेंडू बाजूला केला. लाल ठिपका दिसला. त्याच्यावर अंगठा ठेवला आणि नेहमीसारखा चालायला लागलो, सा रे ग, पांढऱ्यांवरून सरळ वर. म वर आल्यावर काहीतरी वेगळं झालं. सूर जरा वर चढून बसल्यासारखा. मला वाटलं, पूजेमुळे असेल. तसाच पुढे गेलो, वरच्या सापर्यंत पोचलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. खिडकीतून आलेलं पिवळं ऊन पट्ट्यांवर पसरलं होतं आणि माझी बोटं कधी नव्हे ती न अडखळता जात होती.

आणि मग पेटीत माझा नसलेला एक सूर ऐकू यायला लागला. मला आधी वाटलं पट्टी अडकली. मी बोट उचललं. सूर चालूच. तो आतल्या खोलीतून येत होता.

कुमुदच्या तोंडात पिन होती. ओठ मिटलेले होते, म्हणून तिला आपण गुणगुणतोय हे कळलंच नसावं. ती गात नव्हती, निऱ्या घालत होती, आणि निऱ्या घालता घालता आवाज आपला आपण माझ्या सुरात येऊन बसला होता. मी घाबरलो. थांबलो तर ती थांबेल. मी पुन्हा सा रे ग वरून निघालो, आणि ती आतून माझ्याबरोबर, जाड, खरखरीत, शांत आवाजात. कुठेही न फाटता.

जरा वेळाने ती बाहेर आली. निऱ्या हातात तशाच, पिन ओठांत. पिन काढून म्हणाली, "अहो, काय वाजवताय हे?"

"सारेगम."

"हा यमन आहे."

"मी काही केलेलं नाही," मी म्हणालो.

ती वाकली, पट्ट्यांकडे बघितलं. "इथून का सुरू केलंत? ही पांढरी चार."

"तिथे टिकली आहे."

"ते कुंकू आहे हो, पूजेचं!" ती म्हणाली. आणि मग मला समजावत, पण खरं तर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पांढरी चारपासून नुसत्या पांढऱ्या धरल्या की म तीव्र लागतो. यमनच होतो तो." तिचा हात गळ्यापाशी गेला होता, टाक्यांची खूण होती तिथे. मला वाटलं आता ही आत जाणार.

"सा आणि प धरून ठेवा," ती म्हणाली. "भाता सोडू नका. हळू."

ती भिंतीला टेकून खाली बसली, अर्धवट नेसलेल्या साडीत, आणि डोळे उघडे ठेवून सा लावला. लागला. मला गाण्यातलं कळत नाही, पण तो लागला हे खिडकीतल्या चिमण्यांनाही कळलं असेल. ती वर गेली, नी वर थांबली, वरच्या साला हात लावायला गेली आणि तिथे आवाज फाटला. मी भाता सोडला नाही. ती खाली आली, आणि खाली येता येता सा च्याही खाली उतरली, प पर्यंत, जिथे पूर्वीचा तिचा आवाज नीट पोचत नसे. तिथे तो भरून, सावकाश राहिला. ती थांबली, मान हलवली आणि म्हणाली, "खाली केवढी जागा आहे हो." मग ती रडली. मी एका हाताने भाता हलवत होतो आणि दुसरा सा-प वर होता, तिचे डोळे पुसायला माझ्याकडे हात शिल्लक नव्हता. मीही रडत होतो, ते तिला दिसलं की नाही माहीत नाही. त्या वर्षी आम्ही सोनं द्यायला कुणाकडेच गेलो नाही.

तिथून दिवाळीपर्यंतचे दिवस मला एकाच लांबलचक संध्याकाळीसारखे आठवतात. मी डेपोतून यायचो, हातपाय धुवायचो, सा-प धरायचो, आणि ती शोधत फिरायची. भाड्याने घेतलेलं घर बघावं तशी, इथे खिडकी आहे का, इथे किती उजेड येतो. बाहेर आकाशकंदील चिकटवायची खळ शिजत असे, चिवड्याच्या पोह्यांचा वास जिन्यातून वर येई, आणि आमच्या खोलीत यमन. मला दुसरं काही येत नव्हतं आणि तिला दुसरं काही नको होतं. शैलाताई म्हणाल्या, "काका, तुम्ही पांढरी चारवर का जाऊन बसता सारखे?" मी म्हटलं, "घरची अडचण आहे." जनाबाई एका सकाळी जिन्यात थांबली, पाटी खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून मग वर आली. "यो आवाज कोनाचा गो बाय?" तिने विचारलं. कुमुद म्हणाली, "माझाच."

पण घरात गाणं वेगळं आणि लोकांत वेगळं, हे मलाही कळत होतं. पाडव्याला सकाळी मंडळाचा कार्यक्रम असे, आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, सतरंज्या टाकून. मंडळातल्या बायकांनी तिला आग्रह केला, तिने हो म्हटलं आणि आदल्या दिवशी सगळा चिवडा करपवला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती लोकांसमोर बसणार होती, आणि तिथे जमणाऱ्या प्रत्येकाच्या कानात तिची काळी चार होती. त्यातल्या कित्येकींना ती पट्टी कधी झेपली नव्हती. त्याही ऐकायला बसणार होत्या.

पाडव्याची ती सकाळ थंड होती. दूर येऊरच्या डोंगरावर धुकं, खाली रस्त्यावर फटाक्यांचे लाल कागद. मी मागच्या सतरंजीवर बसलो. कुमुद पुढे जाऊन बसली, पदर सावरला. नानांचं बोट सवयीने काळी चारवर गेलं आणि गच्चीभर तो उंच, खणखणीत सूर उभा राहिला. कुमुदने सा लावला नाही. नानांनी वर बघितलं. भला माणूस, तिच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पांढरी पाच घेतो. अर्धाच सूर खाली. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

ते माझ्यापर्यंत ऐकू आलं, म्हणजे सगळ्यांनाच आलं.

कुमुदने नानांकडे बघून मान हलवली, मग समोर बसलेल्या बायकांकडे बघितलं, आणि त्या जाड, खरखरीत आवाजात, शेवटच्या सतरंजीपर्यंत स्पष्ट पोचेल असं म्हणाली, "नाना, माझी पट्टी पांढरी चार आहे."